शंभर फुटांबाहेर

"मला दोन दे," अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या.

ऑरिन ट्वेट हातात हातोडा धरून नुसताच उभा राहिला. गाडी फाटकापाशी थांबवल्यापासून तो मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होता. बाईंनी दार उघडलं नसतं तरी त्याला नवल वाटलं नसतं. आणि बाई मागत होत्या त्याच्या प्रचाराच्या पाट्या, त्याही एक सोडून दोन.

सोळा वर्षं त्याची पहिली पाटी याच अंगणात, हमरस्त्याच्या कोपऱ्यावर लागत आली होती. निळ्यावर पांढरी अक्षरं: 'ऑरिन ट्वेट. बोलतो ते करतो.' लहानपणी दर रविवारी चर्चमध्ये बायबलच्या गोष्टी त्याला या बाईंनीच शिकवल्या, म्हणून आमदार झाल्यावरही तो त्यांना बाईच म्हणे. पाटी ठोकून झाली की बाई कॉफी आणत आणि त्यांचा नवरा लेस्टर रोवांग गव्हाच्या भावावरून गव्हर्नरचा उद्धार करी. यंदा पडवीतली लेस्टरची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

गरिबांच्या औषधपाण्यावर राज्य सरकार जो पैसा खर्च करतं तो बंद करा, हे ऑरिनच्या पक्षाचं जुनं पालुपद. तसा कायदा त्यांनी अकरा वेळा मंजूर केला आणि विरुद्ध पक्षाच्या गव्हर्नरांनी अकराही वेळा तो फेटाळला. मोठी सोय होती ती. ऑरिन गावी येऊन म्हणायचा, आम्ही लढलो, पण त्यांनी अडवलं. लोक त्याची पाठ थोपटायचे. आणि त्याच सरकारी पैशावर तगलेलं गावातलं चौदा खाटांचं इस्पितळही चालू राहायचं.

मग दोन वर्षांपूर्वी, अध्यक्षाची मुदत निम्मी सरलेली असताना, राज्याची निवडणूक आली. लोक वॉशिंग्टनमधल्या अध्यक्षावर चिडले होते. त्याला हटवायची वेळ दोन वर्षं लांब होती, तेव्हा त्यांनी त्याच्या, म्हणजे गव्हर्नरच्याच, पक्षाच्या इथल्या उमेदवारांवर राग काढला. ऑरिनच्या पक्षाला दोन तृतीयांश जागा मिळाल्या. सभागृहात माणसं खुर्च्यांवर चढून नाचली. म्हातारा क्लेमेंट हाउगे, चाळीस वर्षं पक्ष चालवलेला माणूस, तेवढा कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"आता आपल्याला अडवायला कोणी उरलं नाही, ऑरिन," तो म्हणाला. "मला याचीच भीती होती."

ऑरिनला वाटलं, म्हाताऱ्याला जिंकणंसुद्धा सोसत नाही.

गव्हर्नरनं बाराव्यांदा कायदा फेटाळला. तो नकार मोडून काढण्याइतकी मतं आता पक्षाकडे होती, मग माघार कुठल्या तोंडानं घेणार? मताचं बटण दाबताना ऑरिनच्या डोळ्यांपुढे गावातल्या त्या चौदा खाटा आल्या. त्यानं बटण दाबलंच. तो निव्वळ भित्रेपणा होता, दुसरं काही नाही.

सप्टेंबरात इस्पितळाला कुलूप लागलं. जानेवारीत लेस्टरच्या छातीत कळ आली. पुढचं इस्पितळ सत्तर मैलांवर, आणि रस्त्यावर बर्फ. चाळिसाव्या मैलाला, धान्याच्या कोठारांपाशी, रुग्णवाहिकेत तो गेला. बाई त्याचा हात धरून बसल्या होत्या.

"बाई, लेस्टरचं फार..." ऑरिननं कशीबशी सुरुवात केली.

"राहू दे ते. मला सांग, मतदानाच्या जागेपासून किती फुटांवर पाटी चालते?"

"शंभर. शंभर फुटांच्या आत प्रचार करता येत नाही."

"आणि बाहेर?"

"बाहेर कुठेही. ज्याची जागा त्याची परवानगी असली म्हणजे झालं."

"मग झालं तर."

एक पाटी त्यानं नेहमीच्या कोपऱ्यावर ठोकली. दुसरी बाईंनी काखेत मारली आणि त्या आत गेल्या. कॉफीचं नाव निघालं नाही, पण त्याचं ऑरिनला काही वाटलं नाही. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. गाडीत बसल्या बसल्या त्यानं क्लेमेंटला फोन लावला.

"रोवांगबाई आपल्याबरोबर आहेत. त्या आहेत म्हणजे गाव आपलं."

"काय म्हणाल्या?" क्लेमेंटनं विचारलं. राज्यात वीसेक जागा हातच्या जाताहेत असं त्याच्या कानावर येत होतं.

"म्हणायचंय काय? दोन पाट्या मागून घेतल्या."

क्लेमेंटनं फोन ठेवून दिला.

मतदान नेहमीसारखं चर्चच्या तळघरात होतं. सकाळी ऑरिन पोचला तेव्हा रांग बाहेर आवारापर्यंत आली होती. त्यानं हात हलवला. एरवी कोणी ना कोणी टोमणा मारायचं, हरणांच्या शिकारीची चौकशी करायचं. आज कोणी त्याच्याकडे बघेना. पुरुषांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. सगळे चर्चला लागून असलेल्या दफनभूमीकडे बघत होते, म्हणून त्यानंही तिकडे पाहिलं.

लेस्टर रोवांगच्या नावाच्या दगडापुढे, गोठलेल्या मातीत, ती निळी पाटी रोवलेली होती. 'ऑरिन ट्वेट. बोलतो ते करतो.' अक्षरं रस्त्याकडे होती. मतदानाला येणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरूनच येत होता.

तो जिना उतरून तळघरात गेला. मतदानाची सगळी व्यवस्था मेव्हिस बघायची, त्याच्याच पक्षाची, त्याच्या पहिल्या निवडणुकीपासूनची कार्यकर्ती.

"मेव्हिस, ती पाटी काढायला लाव. आत्ताच्या आत्ता."

मेव्हिसनं टेबलावरची मोजायची टेप त्याच्याकडे सरकवली.

"दोनदा मोजलं मी, ऑरिन. एकशे चार फूट भरतं. थडग्याची जागा बाईंनी विकत घेतलीय, त्यांच्याच नावावर आहे. आणि पाटीवर खोटं तर काहीच लिहिलेलं नाही."