उघडा कॅबिनेट

सकाळी साडेदहाला वर्ध्याजवळच्या आंजी गावात वासुदेवरावांच्या घरातला कॉम्प्युटर सुरू झाला नाही. अकराला त्यांच्या मुलीची, गुंजनची, नोकरीसाठी ऑनलाइन परीक्षा होती. ती मोबाइलवर देता येत नव्हती. नेमकं त्याच वेळी तिला पाहायला पाहुणेही येणार होते.

"मदरबोर्ड गेला असंन," तिचा भाऊ रोशन म्हणाला.

"जाऊ दे न मंग," वासुदेवराव म्हणाले. "साडी नेस, बाई. पाहुणे वर्ध्याहून निघाले."

गुंजनने बटण दाबलं. पंखा फिरला, म्हणजे वीज येत होती. मग आतून लांब शिट्टी वाजत राहिली, म्हणजे तक्रार रॅमची, मेमरीच्या पट्टीची, होती. तिने कॅबिनेटचं झाकण काढलं. आत सगळीकडे धूळ साचली होती. फक्त रॅमची पट्टी बसते तो स्लॉट स्वच्छ होता, आणि रिकामा.

"रोशन, पट्टी कोठी हाय?"

रोशनने वडिलांच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं.

"पाहुणे गेले का भेटन तुले," वासुदेवराव म्हणाले.

गुंजनने उघडा कॅबिनेट उचलला आणि बैठकीत, पाहुण्यांसाठी पुसून ठेवलेल्या टीपॉयवर नेऊन ठेवला.

"हे काय करून राह्यली तू?"

"मले पाहाले येऊन राह्यले ना ते? मंग हेही पाहू द्या. आतली पट्टी कोठी गेली असं त्यायनं इचारलं, त तुमीच सांगजा, बाबा."

अंगणात गाडी थांबली आहे. कॅबिनेट टीपॉयवरच आहे. वासुदेवरावांचा हात खिशात गेला आहे, अजून बाहेर आलेला नाही.