पाठमोरा नावाडी

“होडीचा डोळा कुठल्या रंगाचा होता गं?” फळीवर वाकलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

खिडकीपाशी त्याची बायको स्वेटरची बटणं लावत बसली होती. शेवटचं लागलं की पहिल्यापासून काढायला घ्यायची.

“आमची भिंत कधी संपणार, रंगारीदादा?” ती म्हणाली.

चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या भिंती रंगवल्या होत्या, तेव्हा रंगारी म्हणण्यात तिचं काही चुकलं नव्हतं. दादा तेवढं जिव्हारी लागायचं.

भिंतींतून उरलेल्या रंगांत तो लाकडी फळ्यांवर होड्या काढायचा. कुणी शिकवलं नव्हतं. टोकाला डोळे रंगवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, पाठमोरा नावाडी. आता त्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्याला त्याचं काडीचंही सुख नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, “ओळखीचं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे ठेवत चला.” बायकोनं घटकाभर ओळख दाखवावी, एवढ्यासाठी तो हात चालवत होता आणि रोज तोंडघशी पडत होता.

दुपारी प्रदर्शनवाली बाई वही घेऊन आली.

“समुद्राकाठी वाढलेल्यालाच हे जमतं,” ती म्हणाली. “पण तुमचा समुद्र असा भिंतीसारखा उभा का? लहानपणी तसाच दिसायचा ना?”

“जन्मभर भिंतीच रंगवल्या. हात तसाच वळतो.”

बाई खूश झाली. तिनं भरभर लिहून घेतलं.

“आणि हा नावाडी? एकाही चित्रात तोंड दाखवत नाही.”

“चेहरा आठवायचा राहिलाय.”

“वडील?”

“हो. वडील.”

“आठवेल हो,” बाईनं समजूत घातली.

म्हातारा खिडकीकडे बघत राहिला. बटणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती.

बाई गेल्यावर त्यानं ती फळी बायकोच्या मांडीवर ठेवली. होडीच्या डोळ्याची जागा अजून कोरीच होती. बायको बराच वेळ चित्राकडे बघत होती. मग तिचं बोट नेमकं त्या कोऱ्या जागेवर गेलं.

“पिवळा,” ती म्हणाली.

एवढ्या महिन्यांत तिनं पहिल्यांदा काही सांगितलं होतं.

“आणि हा? याचा चेहरा कसा होता? सांग ना.”

तिचं बोट नावाड्याच्या पाठीवरून फिरलं. बघता बघता तिची नजर पुन्हा रिकामी झाली.

“मला काय विचारता, दादा? वडील तुमचे. मघाच्या बाई म्हणाल्या ना, तुम्ही समुद्राकाठी वाढलात.”

म्हाताऱ्यानं फळी उचलून भिंतीला टेकवली.

“वडील तुझे,” तो म्हणाला. “मी अजून समुद्र पाहिलेला नाही. तू सांगितलास तेवढाच.”