अँड डॉटर

बाबांच्या निळ्या व्हॅनवर प्लास्टिकची उठावदार अक्षरं चिकटवलेली होती: 'टिंडल अँड डॉटर, प्लंबर'. टाउन्सविलच्या उन्हात बावीस वर्षांत व्हॅनचा रंग विटला आणि अक्षरांचाही; जवळ गेल्याशिवाय नाव वाचता येत नसे. बाबा गेले, आणि जन्मात हातात पाना न धरलेला माझा भाऊ ड्वेन सिडनीहून मालक व्हायला आला. पहिल्याच रविवारी तो 'अँड डॉटर' काढायला बसला.

"मनाला लावून घेऊ नकोस, लिनेट. बाईचं नाव बघून गिऱ्हाईक बिचकतं."

"हो का? मग बावीस वर्षं त्यांचे तुंबलेले संडास कोण मोकळे करत होतं, तू?"

त्याने हेअर ड्रायरने अक्षरं तापवली, त्यांच्यामागून मासेमारीच्या गळाची बारीक दोरी ओढत एकेक उपटलं. गोंद मात्र हटेना. शेवटी निलगिरीचं तेल मीच आणून दिलं.

"नीट घासा हं, मालक. कणभरही राहता कामा नये."

घासलं बिचाऱ्याने. जन्मात पहिल्यांदा कामासारखं काम केलं. गोंद गेला, आणि खालून बावीस वर्षं ऊन न लागलेला गडद निळा रंग निघाला.

 

संध्याकाळी समोरच्या बेरिल आजी ओरडल्या, "लिनेट, नाव नव्याने रंगवलंस होय गं? 'टिंडल' काही दिसत नाही, पण 'अँड डॉटर' माझ्या व्हरांड्यातून चष्म्याशिवाय वाचता येतंय!"