दुधाचा घोट

शालननं कापसाची वात शेळीच्या कोमट दुधात बुडवली आणि मांजराच्या पिल्लाच्या ओठाला लावली. त्याचे डोळे अजून उघडले नव्हते. कुत्र्यांनी त्याच्या आईला काल गोठ्यामागे फाडलं होतं; बाकीची दोन भावंडं सकाळीच गेली होती.

"कशाला जीव लावतीस? ते काय जगायचं न्हाई," दाराशी बसलेला नवरा, दगडू, म्हणाला.

इतक्यात पिल्लानं वात ओढली.

"अहो, चोखतंय! बघा की!" हरखून तिनं वात टाकली आणि मुलीच्या औषधाचा ड्रॉपर आणला. पोट भरू दे एकदाचं, म्हणत घाईघाईनं दूध सोडलं. पिल्लाला ठसका लागला. नाकातून दुधाचा फेस आला, मान कलंडली.

दगडू धावत आला. त्यानं पिल्लू उपडं धरलं, पंच्यानं अंग चोळलं, नाकात फुंकर घातली. मग नुसतीच मान हलवली.

"माझ्याच हातानं मेलं का हो?" तिनं विचारलं.

दगडूनं पिल्लू पंच्यात गुंडाळलं. "पुरून येतो," तो म्हणाला.

पण शालननं पिल्लू पदरात घेतलं. "थांबा जरा. लई गारठलंय," ती म्हणाली आणि चुलीजवळ जाऊन बसली.