चाकाची माती

सालेहाबीनं चष्मा पदरानं पुसला, नाकावर चढवला आणि पाटावरच्या ट्रकासमोर मांडी घालून बसली. ट्रक वीतभर लांब. मिलिटरीचा, हिरवा, पुढची चाकं बर्फात रुतलेली. तिचा मकबूल मागं उभा होता, सलाम ठोकायला सांगितल्यासारखा ताठ.

त्याच्या रजेचे चार दिवस राहिले होते. फौजेत ट्रकावर पंधरा वर्षं भरली होती; अजून दोन वर्षांचा अर्ज करायचा की घरी यायचं, तो कागद खिशात घडी घालून पडला होता. सालेहाबीनं घरी बोलावलं होतं. लातुरात ट्यूशनवाल्या एका सरांना बसवर ड्रायव्हर पाहिजे होता. पोरं न्यायची, पोरं आणायची, संध्याकाळी आईच्या हातची भाकर. मकबूलला परत जायचं होतं, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. आणि आईचं म्हणणं एकच. बर्फ तिनं पाहिला तो बाजारात, भुश्यात गुंडाळलेली लादी. जिथं तू गाडी चालवतोस ते मला डोळ्यानं दिसत नाही, मग हो कशी म्हणू?

म्हणून मागच्या रजेत त्यानं दिल्लीहून सुटे भाग जोडून करायच्या ट्रकाचा डबा आणला, बर्फातल्या आपल्या ट्रकाचा एक फोटो आणला आणि तो आईला न दाखवता शेजारच्या विरूपाक्ष पेंटरला देऊन सांगितलं, काका, असा रंगवा की अम्मीला छान वाटलं पाहिजे.

छान रंगवणं विरूपाक्षच्या हातचा मळ होता. फ्लेक्स येईपर्यंत शहरातल्या निम्म्या क्लासचे बोर्ड त्याचेच. बोर्डावर पहिली आलेली सावळी पोरं त्यानं गोरी केली, चिंतेनं सुकलेली हसरी केली. पण फोटोतला ट्रक बघितला आणि त्याच्या हातानं खोटं काढायला नकार दिला.

आधी त्यानं सगळा ट्रक गंजाच्या रंगानं रंगवला. ओल्या बोटानं जागोजागी मीठ चिकटवलं, वरून हिरवा दिला, आणि वाळल्यावर जुन्या टूथब्रशनं मीठ घासून काढलं. मीठ होतं तिथं हिरव्याचे पोपडे उडाले, खालचा गंज वर आला. गंज कुठं धरतो आणि पाण्यासंगं कुठवर उतरतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. भूकंपानंतर सात पावसाळे त्यानं पत्र्याच्या शेडात काढले होते. एकेका खिळ्याखालचा ओघळ पाठ होता.

बर्फासाठी रांगोळी वापरून बघितली, ती चमकली. तेव्हा त्याच्या बायकोनं, शिवकांतानं, देवघरातली विभूतीची गोळी पुढ्यात टाकली. महादेव स्वतःच बर्फात बसतो, त्याला काय राग येतोय, म्हणाली, आणि खलबत्त्यात कुटूनही तिनंच दिली. ती विभूती टपावर, चाकं घसरू नयेत म्हणून बांधलेल्या साखळ्यांत, ताडपत्रीच्या घडीत अशी बसली होती की बघणाऱ्यानं हात काखेत घालावेत.

सालेहाबीनं आधी गंज पाहिला. मग साखळ्या. मग दाराचा पोचा. कापड दुकानात पोत बघावा तसं सावकाश बघत होती.

"इकडचा आरसा कुठाय?"

"काकांच्या हातून तुटला असंल," मकबूल म्हणाला.

"माझ्या हातून तुटत न्हाई," पाटापलीकडं बायकोशेजारी बसलेला विरूपाक्ष म्हणाला. "फोटोतच न्हाई."

शिवकांतानं नवऱ्याकडं असं बघितलं की दुसरा असता तर विरघळला असता. विरूपाक्ष पेंटर विरघळला नाही. आरसा नव्हता तर नव्हता.

मकबूल आता आईच्या शेजारी उकिडवा बसला. "अम्मी, तू घाबरू नको. हे मनानं रंगवलेलं हाय. चाकाची माती बग. काळी कुळकुळीत. तिकडं कुठली काळी माती? तिकडं नुसता राखाडी दगड."

विरूपाक्षची मान खाली गेली. फोटोत चाकांखाली नुसता बर्फ होता, माती दिसत नव्हती. चिखल म्हटल्यावर त्याच्या हाताला काळाच सुचला होता, उभ्या जन्मात दुसरा पाहिला नव्हता.

सालेहाबीनं चष्म्यावरून लेकाकडं बघितलं.

"माती चुकली. बाकीचं?"

खोटं बोलायची हीच वेळ होती, आणि या आईपुढं ती मकबूलला साधली नाही.

तिनं पाट जवळ ओढला. ट्रकाच्या पुढच्या काचेवर विरूपाक्षनं विभूती आणि धुरकट रंग एकत्र करून असा थर दिला होता की आतलं काही दिसत नव्हतं. त्या एका काचेवर त्याचे आठ दिवस गेले होते. सालेहाबीनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि बोटाला गुंडाळलं.

"अगं, हात नगं लावू," शिवकांता पुढं झाली. विरूपाक्षनं तिचा दंड धरला.

सालेहाबीनं काच पुसली. ड्रायव्हरच्या बाजूची, एकदाच, डावीकडून उजवीकडं. चंद्रकोरीएवढी जागा मोकळी झाली आणि आत स्टेअरिंग धरून बसलेला, कानटोपीतला बोटाच्या पेराएवढा माणूस दिसला. तो तिथं बसवलाय हे विरूपाक्षनं कोणाला सांगितलं नव्हतं.

"दिसला," ती काचेशी वाकून म्हणाली. विरूपाक्ष ब्रश घेऊन चाकाकडं वाकला, तसा तिनं त्याचा हात अडवला.

"राहू द्या अण्णा. माती इथलीच असू द्या."

मग पदराचं काळवंडलेलं टोक मुठीत धरून ती उठली आणि लेकाकडं न बघता म्हणाली, "कागद भर. काच तेवढी पुसत जा."