तिसऱ्या पुलापलीकडे

लडकूमामांनी रिमोट दाबला. टीव्हीवरून काढलेली चादर हरेशच्या हातातच होती. पडदा उजळला आणि त्यावर एकच ओळ आली: तुमचा रिचार्ज संपला आहे.

"तेरा दिवस टीव्ही बंद. कोणाच्या डोक्यात येणार?" हरेश म्हणाला. त्याने तिथल्या तिथे फोनवरून रिचार्ज केला. ओळ जागची हलली नाही.

मामा उभेच राहिले. तेराव्यानंतर विधवेच्या माहेरच्या माणसाने यायचं, नवी साडी द्यायची, गोड भरवायचं आणि बंद टीव्ही आपल्या हाताने लावायचा, की घरातला दुखवटा निघाला. साडी देऊन झाली होती. शिऱ्याची वाटी आईपुढे तशीच होती.

"कमळे, एक घास तरी घे."

आईने मान हलवली. बाबा गेले त्या दिवसापासून ती मानेनेच बोलत होती. हो, नाही, ठेव, नको, सगळं मानेने. मनाली तेरा रात्री तिच्या शेजारी झोपली होती आणि आता तिला भीती वाटू लागली होती, की हे असंच राहणार.

"कंचंबी चित्र लावा," मामा म्हणाले. "हललं पायजे नि आवाज आला पायजे. बंद टीव्ही ठेवून मी जायाचो न्हाय."

"मी लावते," मनाली म्हणाली आणि आतल्या कपाटातून एक खोका घेऊन आली.

हरेशने ओळखला. "बाबांचा व्हिडिओ गेम? ताई, नको. लहानपणी भारी वाटायचं ते. आता दोन मिनिटं बघवणार नाही. आठवणीत चांगलंय, तिथंच राहू दे."

तिने टीव्हीमागे वायरी लावल्या आणि गेमची कॅसेट मामांपुढे धरली. "फुंका."

"काय?"

"फुंकल्याशिवाय चालत नाही. तुमच्याच हातून व्हायचंय ना?"

मामांनी देवापुढची उदबत्ती फुलवावी तशी गंभीरपणे फुंकर मारली. ती ओळ गेली, टीव्ही लागला. खरखरला, आणि एक सूर वाजू लागला.

"ही होडी?" हरेश म्हणाला. "मला चप्पल वाटली."

मनाली खेळू लागली. पंचवीस वर्षं तिच्या मनातली नदी खोल आणि निळी होती. समोर निळी पट्टी होती, तिच्यात करडे चौकोन. ते दगड. सूर तर इतका किरटा, की शेजारच्या घरातून आला असता तर तिने खिडकी लावून घेतली असती. हरेशचं खरं होतं. कापडाचे लूम बंद असायचे त्या प्रत्येक शुक्रवारी बाबा तासन्‌तास याच्यापुढे बसायचे, ते एवढ्यासाठी?

तरी बोटांना सगळं ठाऊक होतं. पहिला पूल गेला. दुसरा गेला. तिसऱ्या पुलाखाली होडी खांबावर आपटली आणि फुटली.

"तुझा बापूसपन तिथंच आपटायचा."

तिघांनी मागे वळून पाहिलं. आई टीव्हीकडे बघत होती.

"कितीदा सांगितलं त्याला. पुलाखाली पानी ओढतं. आधीच डावीकडं घ्यायची, मंग पानीच नेतं. शेताकडचा मानूस, त्याला काय कळतंय!"

आई काल्हेरची, खाडीकाठची. सगळे शुक्रवार तिने मागे बसून भाजी निवडली होती. जॉयस्टिक कधी हातात घेतली नव्हती. मनालीने खेळ पहिल्यापासून लावला आणि जॉयस्टिक तिच्या मांडीवर ठेवली.

"मला न्हाय येत."

"हिला सांगायला येतं फक्त," मामा म्हणाले. "लहानपणी होडीत बसून आमच्या बापालाच शिकवायची."

आईने जॉयस्टिक उचलली. एका खेळात तीन होड्या मिळत. पहिली तिने सरळ काठावर घातली. हरेश हसला.

"हस," ती म्हणाली. "तू चालायला लागलास तवा किती वेळा पडलास, सांगू?"

दुसरी होडी हळू निघाली. पहिला पूल. दुसरा. तिसऱ्याच्या बऱ्याच अलीकडे तिने ती डावीकडे घेतली. मनालीला वाटलं, आता दगडावर जाणार. होडी पाण्याबरोबर तिरकी सरकली आणि खांबाला न लागता निघून गेली.

पलीकडे काय आहे, हे या घरात कोणी पाहिलं नव्हतं. नदी रुंद झाली. सूर बदलला. काठावर पांढरे ठिपके उभे राहिले, आणि होडी जवळ जाताच उडाले.

"बगळे!" हरेश गुडघ्यांवर पुढे सरकला. "ताई, बगळे आहेत! बाबांनी हे..." तो थांबला.

"गप. वळण आलं," आई म्हणाली.

"उजवीकडं, कमळे, उजवीकडं!"

"दादा, तू मधी बोलू नको. तुझी होडी कितीदा गाळात रुतली ते मला म्हायती हाय."

मामांनी वाटी उचलली. तिचे हात गुंतलेले होते. त्यांनी चमचा तिच्या तोंडाजवळ नेला. तिने पडद्यावरची नजर न काढता शिरा गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. मनाली हसत होती. डोळे पुसायचं तिला सुचलं नाही.

शुक्रवार होता. गल्लीतले लूम बंद होते, त्यामुळे आवाज पार टोकापर्यंत गेला असणार. दारात शेजारच्या सीताबाई दोन बायकांना घेऊन उभ्या होत्या, भेटायला आलेल्या. डोक्यावर पदर, चेहरे उतरवून आणलेले. आतला गोंधळ बघून त्या उंबऱ्यावरच थबकल्या. वळणावरच्या दगडाने होडी फोडली ती नेमकी तेव्हाच. मामा ओशाळून वाटी घेऊन उभे राहिले. हरेशने आवाज कमी करायला रिमोट शोधला.

आईने मागे वळून पाहिलं नाही.

"बसा गं," ती म्हणाली. "अजून एक होडी हाय माझी."