तीन हजारवाला

ऑनलाइन लिलावातल्या त्या लाकडी बदकावर क्लेटनने चाळीस डॉलरची बोली लावली आणि लगेच दुसऱ्या नावाने तीन हजारांची. बाकीचं गिऱ्हाईक पळालं. मग ऐनवेळी तीन हजारांची बोली मागे घेऊन त्याने बदक चाळीसात पदरात पाडलं.

न्यायला गेला, तर बदक विकणाऱ्या म्हाताऱ्या मर्टलबाईंनी दारातच गाठलं. "तो तीन हजारवाला पळाला, हे ह्यांना सांगू नका हं. बदक ह्यांनीच कोरलंय. हात कापतात म्हणून कोरणी टाकली होती. आकडा ऐकला आणि पुन्हा धरलीय."

तेवढ्यात त्यांचा नवरा भुशाने माखलेला हात पुढे करत बाहेर आला. "तीन हजारवाले तुम्हीच का हो?"

क्लेटनची मान वर होईना. "मीच."

निरोप देताना बाई हळूच म्हणाल्या, "आमच्यासाठी खोटं बोललात. देव तुमचं भलं करो."